डीन स्मिथ: बास्केट करणाऱ्याने पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचं

खेळिया

अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलच्या थोर प्रशिक्षकांचा विषय निघाला की गाडी जॉन वुडन यांच्यापाशी येऊन थांबते, आणि ते रास्तच आहे. १२ वर्षांत १० राष्ट्रीय विजेतेपदं हा प्रकार पुन्हा कुणाला जमलेला नाही, जमेल असंही वाटत नाही. पण सांघिक खेळ रोजच्या सरावात उतरवायचा कसा, हे कुणाकडून शिकावं असं विचाराल तर मी डीन स्मिथ यांचं नाव घेईन. म्हणून हा धागा त्यांच्यासाठी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे ते १९६१ ते १९९७ मुख्य प्रशिक्षक होते. ८७९ विजय. निवृत्त झाले तेव्हा कॉलेजच्या वरच्या श्रेणीत एवढे विजय दुसऱ्या कुणाच्या नावावर नव्हते. ११ वेळा संघ फायनल फोरमध्ये (राष्ट्रीय स्पर्धेतल्या शेवटच्या चार संघांत), १९८२ आणि १९९३ मध्ये विजेतेपद, शिवाय १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये अमेरिकन संघाचे प्रशिक्षक म्हणून सुवर्णपदक. बहुतेकांना ते 'मायकेल जॉर्डनचे कॉलेजातले कोच' म्हणून ठाऊक असतात. हे म्हणजे गावाची ओळख तिथल्या एका वाड्यावरून करून देण्यासारखं झालं.

'सगळे मिळून खेळा रे' असं ओरडणारे कोच पैशाला पासरी मिळतात. स्मिथ यांच्याकडे त्यासाठी नियम होते, आणि ते इतके साधे होते की पहिल्यांदा वाचताना हसू येतं.

पहिला नियम शीर्षकातच आहे. तुम्ही बास्केट केलीत, तर परत बचावाकडे धावताना ज्याने पास दिला त्याच्याकडे बोट दाखवायचं. सरावातही आणि भरल्या स्टेडियममध्येही. टाळ्या वाजवणाऱ्या हजारो लोकांना कळलं पाहिजे की हे दोन गुण कुठून आले. वुडनही आपल्या खेळाडूंना सांगत, की पास देणाऱ्याकडे बघून मान हलवा, हसा, डोळा मिचकवा. त्यावर एकाने विचारलं, तो माझ्याकडे बघतच नसेल तर? वुडन म्हणाले, बघत असेल, खात्री बाळग. स्मिथ यांनी तीच गोष्ट बोटावर आणली आणि सक्तीची केली. पुढे बॉबी जोन्स नावाच्या त्यांच्या एका खेळाडूने सोपा ले-अप (बास्केटच्या अगदी जवळून टाकायचा शॉट) चुकवला आणि तरीही पास देणाऱ्याकडे बोट दाखवलं. स्मिथ यांना हे इतकं आवडलं की नियमच वाढला: शॉट चुकला तरी चांगल्या पासचे आभार मानायचे.

दुसरा नियम मुठीचा. दमलात तर मूठ वर करायची, कोच तुम्हाला बाहेर घेणार. दम खाऊन झाला की परत कधी जायचं हे तुम्ही स्वतः सांगायचं. मात्र तुम्ही दमलेले असून मूठ वर केली नाहीत आणि ते कोचच्या लक्षात आलं, तर बाहेर जाल तेही त्यांच्या मर्जीने आणि आत याल तेही त्यांच्याच मर्जीने. यातली गंमत बघा. दमणं कबूल करणाऱ्याचा हक्क शाबूत राहतो आणि लपवणाऱ्याचा जातो. जिथे खेळाडू मैदान सोडायला लागू नये म्हणून बचावात अंगचोरी करतात, तिथे या एका मुठीने काय काय बदलत असेल!

तिसरा नियम बाकावरच्यांसाठी. सहकारी मैदानातून बाहेर येताना सगळ्या बाकाने उभं राहून त्याचं स्वागत करायचं.

आणखी एक. सामना झाला की सहायक प्रशिक्षक फिल्म बघून गुण द्यायचे. सर्वाधिक गुण कुणी केले हे तर दुसऱ्या दिवशीच्या पेपरात येतंच. ही मंडळी शोधायची ते दुसरंच: बचावात सर्वोत्तम कोण, सहकाऱ्याला मोकळं करायला स्क्रीन कुणी लावला (म्हणजे बचावपटूच्या वाटेत कोण उभं राहिलं), अंगावर येणाऱ्याची धडक घेऊन चेंडू कुणी मिळवून दिला. कौतुक कुठे करायचं हे ठरवलं की मुलं कुठे मेहनत करतील हे आपोआप ठरतं. मला वाटतं स्मिथ यांच्या साऱ्या पद्धतीची किल्ली इथे आहे.

सुरुवात मात्र काही थाटाची नव्हती. आधीच्या कारकिर्दीतल्या नियमभंगामुळे विद्यापीठावर कारवाई झालेली, कोच बदललेला, आणि ३० वर्षांच्या सहायकाच्या हाती संघ आलेला. पहिल्या हंगामात ८ विजय, ९ पराभव. जानेवारी १९६५ मध्ये वेक फॉरेस्ट विद्यापीठाकडून हरून संघाची बस परतली, तर आवारात विद्यार्थ्यांनी स्मिथ यांचा पुतळा फासावर लटकवलेला. बसमधून उतरून तो पुतळा खाली ओढला बिली कनिंगहॅमने, संघाच्या सर्वांत मोठ्या खेळाडूने. त्यानंतर संघ कट्टर प्रतिस्पर्धी ड्यूक विद्यापीठाला हरवून आला.

तुम्हाला त्यांच्याबद्दल काय आठवतं, काय पटतं, काय पटत नाही, लिहा.

मधलीसुट्टी

छान धागा. मुठीचा नियम माहीत नव्हता. ऑफिसातही लागू करावा म्हणते! (अवांतराबद्दल क्षमस्व.)

आकडेमोड

लेख आवडला, पण स्मिथ यांच्यातला गणिताचा विद्यार्थी राहूनच गेला. कॅन्ससला त्यांनी पदवी गणितातच घेतली होती.

एका सामन्यात संघाने ९० गुण केले. चांगलं की वाईट? सांगता येत नाही, कारण चेंडू किती वेळा हाती आला हे माहीत नाही. १०० वेळा ताबा मिळवून ९० गुण करणारा संघ ७० वेळा ताबा मिळवून ७० गुण करणाऱ्या संघापेक्षा आक्रमणात कमी पडतो, जरी धावफलक उलटं सांगत असला तरी. म्हणून मोजायचे ते दर ताब्यामागचे गुण. स्वतःचेही आणि प्रतिस्पर्ध्याचेही. आज टीव्हीवरचा प्रत्येक विश्लेषक हेच माप सांगतो. स्मिथ हे १९५०च्या दशकात करत होते, हवाई दलाच्या अकादमीत बॉब स्पिअर यांचे सहायक होते तेव्हापासून. तेही कागद-पेन्सिलीवर.

त्यांची मोजणी आजच्याहून थोडी वेगळी होती. शॉट गेला की ताबा संपला, असं ते धरायचे. आपणच रिबाउंड (शॉट चुकून परत आलेला चेंडू) पकडला तर तो नवा ताबा. आज रिबाउंडसकट एकच धरतात.

आता याचा सांघिक खेळाशी संबंध काय? ताबा हे एकक मानलं की चेंडू गमावणं ही थेट उधळपट्टी ठरते. हिरोगिरी करत तिघांच्या मधून मारलेला शॉट 'धाडसी' न राहता महाग दिसायला लागतो. आणि मोकळ्या सहकाऱ्याला दिलेला पास हा परोपकार उरत नाही, तो हिशेबाने योग्य असतो. खेळियांनी दिलेले नियम मनाचे आहेत, हा वहीचा. मला दोन्हींची बेरीज महत्त्वाची वाटते.

शंकासुर

सगळे आरती ओवाळतायत तर मी जरा उलटा सूर लावतो.

एक. फोर कॉर्नर्स. चार खेळाडू चार कोपऱ्यांत, एक मधे ड्रिबल करत उभा, आणि प्रेक्षक जांभया देत. २४ फेब्रुवारी १९७९ ला ड्यूकविरुद्ध याच स्मिथसाहेबांच्या संघाने चेंडू धरून ठेवायचा सपाटा लावला आणि अर्ध्या सामन्याला धावफलक होता ७-०. ड्यूकच्या बाजूने! शेवटी हरलेच, ४७-४०. याला खेळ म्हणायचं?

दोन. ३६ हंगाम, जॉर्डन, वर्दी, पर्किन्स, मॅकाडू, एकाहून एक खेळाडू, आणि राष्ट्रीय विजेतेपदं दोन. १९८४ चा संघ देशात अव्वल क्रमांकावर होता, घरी गेला इंडियानाकडून ७२-६८ असा हरून. जॉर्डनने त्या दिवशी १३ गुण केले. त्या काळचा विनोद प्रसिद्धच आहे: जॉर्डनला २० गुणांच्या आत कोण रोखू शकतं? डीन स्मिथ.

विनोदात तथ्य असतं. कधीकधी 'सांघिक खेळ' या नावाखाली आपण सर्वोत्तम माणसाला दाबून ठेवतो.

बाकावरची

शंकासुर, नाव सार्थ केलंत. :)

मी कॉलेजच्या संघात होते, बहुतेक काळ आयडीतल्या जागी. त्यामुळे मला स्मिथ यांच्याबद्दलची सर्वांत आवडती गोष्ट आहे 'ब्लू टीम'. पहिल्या हाफमध्ये ते अचानक पाचही खेळाडू बदलायचे. पाच राखीव एकदम मैदानात! थोडीच मिनिटं, पण त्या मिनिटांत जीव तोडून धावायचं, समोरच्यांच्या मुख्य पाच जणांना दमवायचं आणि परत यायचं. आपले पाच तेवढ्यात ताजेतवाने.

बाहेरून बघणाऱ्याला ही डावपेचातली खेळी वाटेल, आणि ती आहेच. पण बाकावर बसलेल्याला विचारा. एकट्याने आत जाता तेव्हा तुम्ही 'बदली' असता. चार ओळखीचे चेहरे नसतात, लय त्यांची असते, तुम्ही पाहुण्यासारखे. पाचजण एकदम जाता तेव्हा तो तुमचा संघ असतो. रोज सरावात ज्यांच्याबरोबर खेळता तेच चौघे सोबत. आपल्याला आज काम आहे, हे सकाळपासून माहीत असतं. आमच्या कोचने हंगामभर माझ्याशी बोललेली वाक्यं मोजकीच असतील, त्यातली बरीचशी पाण्याच्या बाटल्यांबद्दल.

शेवटच्या वर्षाच्या मुलांना घरच्या शेवटच्या सामन्यात सुरुवातीच्या पाचांत उतरवण्याची प्रथाही त्यांनी पाळली. चार वर्षं सराव करून क्वचित खेळलेल्या मुलालाही नाव पुकारलं जाताना धावत जायला मिळायचं.

खेळिया

@आकडेमोड, आभार. ताब्याचा भाग तुम्हीच लिहावा असा होता.

@शंकासुर, मुद्द्यांना मुद्दे.

फोर कॉर्नर्स कंटाळवाणं होतं हे खुशाल म्हणा. पण ते सोपं नव्हतं. चार कोपऱ्यांत माणसं गेली की मैदानाचा मधला भाग मोकळा होतो. मधला खेळाडू, समजा त्यांचा फिल फोर्ड, ड्रिबल करत राहतो. त्याच्यावर दोघे धावून आले तर कुठलातरी कोपरा मोकळा पडतो आणि बास्केटखाली सोपा ले-अप मिळतो. म्हणजे पाचही जणांना चेंडू हाताळता आला पाहिजे, पास देता आला पाहिजे, आणि फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारा, कुणी न अडवता टाकायचा शॉट) टाकता आला पाहिजे, कारण समोरचे शेवटी फाउलच करणार. एक जरी कच्चा असला तर खेळ तिथेच बसला. तेव्हा नियमात शॉट क्लॉक, म्हणजे ठरावीक सेकंदांत शॉट घ्यायची सक्ती, नव्हतं, आणि आघाडी टिकवायला स्मिथ यांनी नियमाच्या चौकटीत उत्तर शोधलं. १९८५-८६ पासून कॉलेजात ४५ सेकंदांचं शॉट क्लॉक आलं, त्यामागे असल्या खेळाचा वैताग होताच. खेळाचा नियम बदलायला लावणारे कोच किती असतील? ७-० बद्दल मात्र मी काही बोलत नाही. :)

जॉर्डनचं. कॉलेजातल्या तीन हंगामांची त्याची सरासरी होते १७.७, म्हणून तो विनोद. पण दुसऱ्या वर्षी त्याची सरासरी बरोबर २० होती, त्यामुळे विनोदाला बारीकशी चीर आहे. शिवाय दाबून ठेवलेल्या खेळाडूकडे असा शॉट जात नाही:

२९ मार्च १९८२, न्यू ऑर्लिन्स, अंतिम सामना. जॉर्जटाउन ६२, नॉर्थ कॅरोलायना ६१, ३२ सेकंद उरलेले. स्मिथ टाइमआउट घेतात. संघात जेम्स वर्दी आहे, ज्याने त्या रात्री २८ गुण केले. सॅम पर्किन्स आहे. स्मिथ यांचा अंदाज की जॉर्जटाउनवाले या दोघांना आत वेढतील आणि दुसऱ्या बाजूचा मोकळा राहील. दुसऱ्या बाजूला पहिल्या वर्षाचा १९ वर्षांचा जॉर्डन. टाइमआउट संपवताना स्मिथ त्याला सांगतात, चेंडू आला तर मार. जिमी ब्लॅकचा पास, जॉर्डनचा शॉट, ६३-६२.

मी हा प्रसंग 'जॉर्डनचा शॉट' असा न सांगता 'ब्लॅकचा पास' असा सांगतो, त्यावरून घरी माझी थट्टा होते.

वाटसरू

वर फक्त मैदानातलं बोलणं चाललंय. स्मिथ यांच्या बाबतीत मैदानाबाहेरचं सोडून कसं चालेल?

त्यांचे वडील आल्फ्रेड स्मिथ कॅन्सस राज्यात एम्पोरियाच्या हायस्कूलचे कोच होते. १९३४ मध्ये त्यांच्या संघाने राज्य विजेतेपद मिळवलं, आणि त्या संघात पॉल टेरी हा कृष्णवर्णीय मुलगा होता. त्या काळी मिश्र संघ ही सहज गोष्ट नव्हती, वडिलांवर दबाव आला, ते बधले नाहीत. डीन तेव्हा तीन वर्षांचे. हे घरातलं शिक्षण.

पुढे चॅपल हिलला आल्यावर, अजून सहायक कोच असताना, ते आपल्या चर्चचे पाद्री आणि एक कृष्णवर्णीय विद्यार्थी यांच्यासोबत गावातल्या एका रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेले. तिथे फक्त गोऱ्यांना वाढलं जाई. त्या दिवशी तिघांनाही वाढलं गेलं. तरुण सहायकाची नोकरी जाऊ शकली असती. कित्येक वर्षांनी जॉन फाइनस्टाइन या पत्रकाराला हे पाद्र्यांकडून समजलं. त्याने विचारलं तेव्हा स्मिथ यांना ते बाहेर आलं हेच रुचलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की योग्य गोष्ट केल्याचा अभिमान बाळगायचा नसतो, ती करायची असते.

आणि १९६६ मध्ये चार्ली स्कॉट. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात खेळाची शिष्यवृत्ती मिळालेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. त्याला संघात घेणं एक, आणि परगावच्या स्टेडियममध्ये त्याच्यावर शिव्यांचा मारा होत असताना त्याच्या बाजूने उभं राहणं दुसरं. एरवी शांत असणारे स्मिथ अशा वेळी प्रेक्षकांच्या अंगावर धावून गेल्याची आठवण स्कॉटने सांगितली आहे.

मला म्हणायचंय ते हे, की पास देणाऱ्याकडे बोट दाखवणं आणि स्कॉटच्या बाजूने उभं राहणं या एकाच माणसाच्या दोन सवयी आहेत. 'आपला' कोण, याची व्याख्या जिथे अरुंद असते तिथे संघभावना म्हणजे नुसती टोळी होते. हे स्मिथ यांना घरातूनच कळलं होतं.

मधलीसुट्टी

वाटसरू, हा प्रतिसाद खूपच आवडला. रेस्टॉरंटचा किस्सा माहीत नव्हता.

शंकासुर

वाटसरूंना मनापासून +१. यावर वाद नाही.

पण संघाच्या आत काय? मी असं वाचलंय की पहिल्या वर्षाच्या मुलांना सामानाच्या पिशव्या आणि फिल्मचा प्रोजेक्टर उचलावा लागे, आणि सरावात पाणी प्यायचा नंबरसुद्धा शेवटच्या वर्षाच्या मुलांचा आधी. ही तर ज्येष्ठांची सरंजामशाही झाली! 'सगळे समान' म्हणायचं आणि लहानांनी ओझी वाहायची?

बाकावरची

यात मला दोन्ही बाजू दिसतात. ज्येष्ठता हा नियम वाईटच ठरू शकतो, विशेषतः त्याच्या आडून छळ होत असेल तर. तसलं आम्ही जवळून पाहिलंय, त्यावर वेगळा धागा होईल.

पण इथे बघा, बाकी सगळं जग त्या मुलांना गुणवत्तेनुसार रांगेत उभं करत होतं. वर्तमानपत्रं, प्रेक्षक, पुढे लाखो डॉलर देणारे व्यावसायिक संघ, सगळे. रांगेत पुढे असायचा तो सर्वाधिक गुण करणारा. अशा वेळी एक तरी रांग अशी ठेवायची, जिच्यात क्वचितच खेळणारा चौथ्या वर्षाचा मुलगा पहिल्या वर्षाच्या जॉर्डनच्या पुढे असेल. आणि ही रांग सरकते. तीन वर्षांनी प्रत्येकजण पुढे येतो. गुणवत्तेची रांग तशी सरकत नाही.

१९८१ च्या हंगामाआधी एका मोठ्या क्रीडासाप्ताहिकाला मुखपृष्ठावर सुरुवातीच्या पाच खेळाडूंचा फोटो हवा होता. स्मिथ यांनी चारच दिले. पाचवा जॉर्डन होता. त्याने अजून एकही सामना खेळलेला नाही, त्याचं काय मुखपृष्ठ, असा हिशेब. मला हा सरंजामीपणा चालेल.

टाइमआउट

बराच वेळ नुसता वाचत होतो. एक सामना कुणीच लिहिला नाही म्हणून आलो.

२ मार्च १९७४. ड्यूक ८६, नॉर्थ कॅरोलायना ७८, उरले १७ सेकंद. लक्षात घ्या, तेव्हा तीन गुणांची रेषाच नव्हती. म्हणजे आठ गुणांना किमान चार बास्केट किंवा त्या बदल्यात फ्री थ्रो. घरी जायची वेळ.

बॉबी जोन्सचे (हाच तो चुकलेल्या ले-अपवर बोट दाखवणारा) दोन फ्री थ्रो. ८६-८०. ड्यूकला चेंडू आत टाकता येईना, चोरला, जॉन क्यूस्टरचा ले-अप. ८६-८२. पुन्हा तेच, चेंडू नॉर्थ कॅरोलायनाकडे, पुन्हा जोन्स. ८६-८४. मग लगेच फाउल, ड्यूकच्या खेळाडूचा फ्री थ्रो हुकला, आणि वॉल्टर डेव्हिसने जवळपास ३० फुटांवरून बोर्डला आपटून टाकलेला चेंडू आत. ८६-८६. जादा वेळेत ९६-९२ ने जिंकले.

यात नशीब किती? भरपूर. तो शेवटचा शॉट बोर्डवर आपटून जाईल असं डेव्हिसलाही वाटलं नसेल. पण त्याआधीचे दोन ताबे नशिबाचे नव्हेत. अशा परिस्थितीचा, म्हणजे इतके गुण मागे, इतके सेकंद बाकी, आता काय, याचा सराव ते रोज करायचे. कुणी कुठे उभं राहायचं, कुणाला फाउल करायचा, टाइमआउट कधी राखून ठेवायचा. १७ सेकंदांत विचार करायला वेळ नसतो. पाचजणांनी तो आधीच करून ठेवलेला असावा लागतो.

फोर कॉर्नर्सवाले 'कंटाळवाणे' कोच ते हेच, शंकासुर.

शंकासुर

हे भारी आहे. हा सामना मला माहीत नव्हता.

आकडेमोड

टाइमआउट, त्यात एक भर. ते १७ सेकंद ताब्याच्या भाषेत मांडा: ड्यूकने चेंडू दोनदा शॉट न घेता घालवला आणि तिसऱ्यांदा फ्री थ्रो हुकला. तीन ताबे, शून्य गुण. आठ गुणांची पिछाडी भरून काढताना लोक आपल्या शॉटचं बघतात. अर्धं काम समोरच्याला शून्यावर ठेवण्याने होतं.

मधलीसुट्टी

मला बास्केटबॉलमधलं फार कळत नाही, पण २०१५ मध्ये ते गेले तेव्हा वाचलेलं इथे लिहायलाच हवं.

स्मिथ यांची स्मरणशक्ती दंतकथेसारखी होती. जुन्या खेळाडूंची मुलंबाळं, आईवडिलांची नावं, सगळं तोंडपाठ. २०१० मध्ये कुटुंबाने जाहीर केलं, की त्यांना स्मृतिभ्रंशाचा आजार आहे. २०१३ मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला, तो घ्यायला पत्नी गेल्या. ७ फेब्रुवारी २०१५ ला ते गेले, वय ८३.

त्यानंतर महिना-दीड महिन्याने त्यांच्या हाताखाली खेळलेल्या साधारण १८० जणांना पत्र आलं. आत २०० डॉलरचा चेक. मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं, की माझ्यातर्फे बाहेर जेवायला जा. रक्कम सगळ्यांना सारखी, जॉर्डनलाही तेवढीच आणि ज्याचं नाव आपण कुणी ऐकलेलं नाही त्यालाही तेवढीच.

वाटसरू

आणि ते गेले त्याच महिन्यात ड्यूकविरुद्धचा सामना होता. टाइमआउटने सांगितलेलं तेच वैर, अमेरिकन कॉलेज खेळांतलं बहुधा सर्वांत कडवं. सुरुवातीआधी दोन्ही संघ मैदानाच्या मध्यभागी एकत्र गुडघे टेकून बसले, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून.

तीन दिवसांनी जॉर्जिया टेकविरुद्ध रॉय विल्यम्स यांनी (स्मिथ यांचेच जुने सहायक, नंतर त्याच विद्यापीठाचे कोच) पहिल्याच ताब्यात संघाला फोर कॉर्नर्स मांडायला लावलं. एव्हाना जुना झालेला प्रकार. शॉट क्लॉकच्या जमान्यात! आणि त्यावर बास्केटही झाली.

शंकासुर

म्हणजे फोर कॉर्नर्समध्ये गुणही होतात तर. ही नवीन माहिती. :)

टाइमआउट

हाहा.

बाकावरची

एक व्यावहारिक प्रश्न, अनुभवींनी सांगावं. मी सध्या १२-१३ वर्षांच्या मुलींचा सराव घेते. बोट दाखवायचा नियम आणला. पहिल्या आठवड्यात धमाल. नंतर काय झालं, की दोन मैत्रिणी फक्त एकमेकींनाच पास द्यायला लागल्या आणि एकमेकींकडेच बोट दाखवायला लागल्या. बाकीच्या तिघी नुसत्या धावतायत. काय करावं?

खेळिया

हे होणारच. लहान वयात मुलं नियमातलं बक्षीस तेवढं उचलतात. दोन गोष्टी करून बघा.

एक, बोट फक्त शेवटच्या पासवर थांबवू नका. स्क्रीन लावणारीकडे, रिबाउंड काढून पहिला पास देणारीकडेही दाखवायला सांगा. एका बास्केटला दोन-तीन बोटं झाली तरी चालतील. गोंधळ होईल, होऊ द्या.

दोन, सरावातल्या खेळात शॉटच्या आधी पाचही जणींचा हात चेंडूला लागलाच पाहिजे, अशी अट थोडा वेळ घाला. सामन्यात हे वेडेपणाचं ठरेल, सरावात उपयोगी आहे. त्या दोघींनाच उरलेल्या तिघी कुठे उभ्या आहेत हे शोधावं लागेल.

आकडेमोड

आणि एका मुलीला वही-पेन्सिल देऊन बाजूला बसवा, पाळीपाळीने. कुणी किती गुण केले हे तिने लिहायचंच नाही. किती वेळा चेंडू शॉट न घेता गेला, तेवढंच मोजायचं. त्या वयाच्या मुलींना एकमेकींचे गमावलेले चेंडू मोजायला लावलं की त्या आपणहून बोलायला लागतात, तू मोकळी होतीस, हिला दिसली नाहीस वगैरे. तुम्हाला काही सांगावं लागत नाही.

बाकावरची

दोन्ही करून बघते. पाच हातांच्या अटीवरून पहिल्याच दिवशी भांडणं होणार, हे आत्ताच सांगून ठेवते. त्या दोघींना वेगवेगळ्या बाजूंना टाकायचं का?

खेळिया

नको. त्यांचं एकमेकींशी जमतं ही चांगलीच गोष्ट आहे, ती मोडू नका. तिसरीला त्यांच्यात घाला, आणि तीही उंच नको, पास चांगला देणारी बघा.

@शंकासुर, १९८२ ची फायनल पुन्हा बघणार असाल तर शेवटच्या टाइमआउटनंतर जॉर्डनकडे बघूच नका. चेंडू त्याच्याकडे जाण्याआधी जॉर्जटाउनची माणसं कुणाभोवती गोळा झालीत, ते बघा. मग जॉर्डनला दाबून ठेवल्याच्या मुद्द्यावर परत बोलू.